सूर सुधारतो की सोय?

परवा एक स्नेही घरी आले. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी बेताचा, पण चांगला हाय-फाय संच जमवला आहे. स्वतंत्र म्युझिक सर्व्हर जोडला की आवाज आणखी खुलेल, असं दुकानदारानं त्यांच्या मनात भरवलं होतं. किंमत स्पीकरच्या जोडीएवढी! 'घेऊ का?' त्यांनी विचारलं.

हा सर्व्हर म्हणजे खरं तर एक संगणकच. गाणी साठवायची आणि पुढे पाठवायची, एवढंच त्याचं काम. सीडीवर उजव्या आणि डाव्या बाजूच्या ध्वनीची दर सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० मोजमापं आकड्यांत नोंदलेली असतात. हे आकडे सर्व्हरमधून आले काय किंवा जुन्या लॅपटॉपमधून आले काय, तेच राहतात. पोस्टमन सायकलवर आला की मोटारीतून, यावर पत्रातला मजकूर ठरत नाही! आकड्यांचा पुन्हा ध्वनी करतो तो 'डॅक'. आजचे बहुतेक यूएसबी डॅक स्वतःच्याच ठेक्यावर आकडे मागवून घेतात.

मग फरक कधीच पडत नाही का? पडतो. संगणकाचा पंखा घरघरत असेल, तर तानपुऱ्याची आस त्यात बुडते. विजेच्या जोडणीतून कधी स्पीकरमध्ये गुणगुण शिरते. कधी संगणक परस्पर ४४,१०० चे ४८,००० करून टाकतो. पण संगणक कपाटाआड ठेवणं, जोडणी तपासणं, सेटिंग बदलणं हे उपाय फुकटात किंवा थोडक्यात होतात.

तरीही खात्री हवी असेल, तर दुकानात दोन्हींचा आवाज अगदी सारख्या पातळीवर ठेवायला सांगा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. कोणतं यंत्र चालू आहे हे तुम्हाला न दाखवता दुसऱ्या कुणाला तरी अदलाबदल करू द्या. दहा-बारा वेळा तरी करून पाहा. ओळखता आलं नाही, तर पैसे खिशातच ठेवा.

सर्व्हरची सोय मात्र खरी. एक टेराबाइटच्या डिस्कवर सीडीच्या दर्जाचं दीड हजार तासांहून अधिक संगीत मावतं, आणि हवा तो राग बसल्या जागी सापडतो. सोयीसाठी घ्यायचा तर खुशाल घ्या.

स्नेह्यांना मी एवढंच सांगितलं, की आधी स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढा आणि समोरच्या उघड्या भिंतीवर जाड पडदा लावा. फरक त्याच संध्याकाळी ऐकू येईल. आणि वडिलांनी घरगुती मैफलींत भरलेल्या त्या कॅसेट माळ्यावरून खाली काढा. फीत वर्षागणिक खराब होते, आणि तिची दुसरी प्रत कुठेही नाही. सर्व्हर पुढच्या वर्षीही मिळेल. उरलेल्या पैशांतून त्या कॅसेट आधी संगणकावर उतरवा, आणि दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा.