गुलाबी ठिपका आणि उपाधी

अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे अनुमान करता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. धुराला ओल्या इंधनाचा संयोग लागतो. आड लपलेल्या ह्या अटीला नैयायिकांनी 'उपाधी' म्हटले. मनोविकारांची शारीरिक चिन्हे शोधणाऱ्या आधुनिक वैद्यकालाही ह्याच उपाधीने वारंवार चकविले आहे. (मराठीत रोगी सांगतो ते आणि वैद्य मोजतो ते, दोहोंसही 'लक्षण' म्हणतात; येथे दुसऱ्यास 'चिन्ह' म्हटले आहे.)

छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, ह्या विकाराचे निदान आजही रोग्याचे बोलणे, वागणे व पूर्ववृत्त ह्यांवरूनच करावे लागते. १९६२ साली फ्रीडहॉफ व व्हॅन विंकल ह्या अमेरिकन संशोधकांना त्याचे चिन्ह मूत्रात सापडलेसे वाटले. मूत्राचा अर्क कागदावर पसरवून त्यावर रंगद्रव्याची क्रिया केली असता बहुतेक रोग्यांच्या बाबतीत एक गुलाबी ठिपका उमटे. निरोगी माणसांच्या बाबतीत उमटत नसे. ठिपक्यातील द्रव्य मेस्कलिन ह्या भ्रमकारक पदार्थाचे निकटचे आप्त निघाले. मग शरीर स्वतःच आपले विष घडविते की काय, ही कल्पना मोहक ठरली नसती तरच नवल!

पुढे प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्यांना निराळेच दिसू लागले. कोठे तो ठिपका क्लोरप्रोमाझिन ह्या औषधाच्या शरीरात उरलेल्या अंशांचा ठरला, तर १९७० साली त्याचा संबंध नित्याच्या चहाशी लावण्यात आला. त्याआधी, १९५९ च्या सुमारास, मूत्रातील फेनॉलिक आम्लांचीही हीच गत झाली होती. त्यांचे प्रमाण रोगापेक्षा कॉफीच्या पेल्यांशी अधिक जुळत होते. रुग्णालयात वर्षानुवर्षे राहणारी माणसे एकच अन्न खातात, एकच पेय पितात, एकाच वर्गातील औषधे घेतात. रोग हा येथील अग्नी, ठिपका हा धूर, आणि ओले लाकूड म्हणजे चहा व औषध.

उपाधी चिन्ह निर्माण करते, तशी ती झाकूनही टाकते. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन टिचक्यांचे आवाज ऐकविले, तर निरोगी मेंदूचा दुसऱ्या आवाजाला मिळणारा प्रतिसाद बराच क्षीण होतो. ह्या रोग्यांत तो तितका क्षीण होत नाही. परंतु धूम्रपानानंतर काही काळ निकोटिनमुळे हा फरक कमी होतो, आणि ह्या रोग्यांत धूम्रपानाचे प्रमाण फार मोठे. परीक्षेपूर्वी विडी ओढली होती काय, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नव्हे.

मेंदूच्या आकारमानाचा प्रश्न तर अधिकच बिकट आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माकडांना १७ ते २७ महिने हॅलोपेरिडॉल अथवा ओलान्झापिन दिल्यावर त्यांच्या मेंदूचे वजन सुमारे ८ ते ११ टक्क्यांनी कमी आढळले. तेव्हा जुन्या रोग्याच्या मेंदूतील घटीपैकी किती रोगाची आणि किती औषधाची, हे केवळ चित्र पाहून सांगता येत नाही. ह्यावर उपाय म्हणून औषध सुरू होण्यापूर्वीच रोग्यांची परीक्षा करतात. पण असे रोगी थोडे, आणि शुद्ध मोजमापासाठी त्यांचे उपचार लांबविणे म्हणजे त्यांच्या यातना लांबविणे होय.