एका तिकिटात सहा भुतं

वसईहून निघून चिंचोटीच्या नाक्यावर आलात, की महामार्ग सरळ अहमदाबादकडे जातो आणि एक फाटा कामणवरून भिवंडीकडे वळतो. मागे तुंगारेश्वरचं रान आहे. आत शिरलं की तो धबधबा, पावसाळ्यात मुंबईची पोरं जिथं लोटतात. दर साली कुणी ना कुणी बुडतं, पोलिसांना बंदीचे आदेश काढावे लागले आहेत. आणि असं डोहाचं पाणी जिथं जिथं आहे, तिथं कोकणात एक वाक्य हमखास ऐकू येतं: हे पाणी माणूस मागतं.

आता समजा, कुणी हौशी मंडळींनी थोडे पैसे जमवून इथं भुताचा सिनेमा काढायचा ठरवला. रान आहे, पाणी आहे, गावाच्या नावातच चिंच आहे, आणि आपल्याकडे चिंचेवर हडळ बसवायला कुणाची परवानगी लागत नाही. अडीच तासांची एकच गोष्ट काढायची तर खर्च झेपणार नाही. मग ते काय करतील? एकाच सिनेमात चार-सहा छोट्या गोष्टी घेतील आणि एका धाग्यात ओवतील. जगभर कमी पैशाच्या भयपटांनी हीच वाट धरली आहे, आणि असले सिनेमे आता तुमच्या घरातल्या मोबाइलवरही येऊन पोचले आहेत. तेव्हा त्यांत घेण्यासारखं काय आणि टाकण्यासारखं काय, हे पाहायला हरकत नाही.

प्रकार नवा वाटेल, पण आपल्या घरचाच आहे. वेताळ पंचविशी दुसरं काय आहे? राजाच्या खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ, आणि वाट सरावी म्हणून एकामागून एक गोष्ट. रामानंद सागरांनी 1985 मध्ये 'विक्रम और बेताल' दूरदर्शनवर आणलं, तेव्हा ज्या घरी टीव्ही होता त्या घराच्या ओटीवर गाव जमायचं. अरुण गोविल राजा, सज्जन बेताल. देखावे साधे, करामती त्याहून साध्या. आज पाहिलं तर हसू येईल. पण दर गोष्टीच्या शेवटी बेताल विचारायचा, सांग राजा, यात दोष कुणाचा? आणि ओटीवरची म्हातारी माणसं राजाच्या आधी उत्तर द्यायची.

हिंदीत हा प्रकार ठळकपणे आला तो 2003 साली, 'डरना मना है' मध्ये. दिग्दर्शक प्रवाल रमण, निर्माते रामगोपाल वर्मा. रानात मोटार बिघडते, तरुण मंडळी शेकोटीभोवती बसतात आणि एकेक गोष्ट सांगतात. अशा सहा गोष्टी. एकीत नुसता रात्रीचा रस्ता, एक मोटार, नाना पाटेकर आणि विवेक ओबेरॉय. दुसरीत सिगारेट सोडवण्याच्या वेडानं पछाडलेला हॉटेलवाला, म्हणजे बोमन इराणी, आणि त्याच्या तावडीत सापडलेला सैफ अली खान. यातली काटकसर ध्यानात घ्या. मोठ्या नटाला महिनोन्‌महिने बांधून ठेवायचं तर दाम परवडत नाहीत. एका गोष्टीपुरते मोजके दिवस मागितले तर तोही येतो. इंग्लंडात अमिकस नावाच्या छोट्या कंपनीनं 1965 पासून याच हिशेबावर भयपटांची रांग लावली होती.

माझ्या मते सहांतली सर्वांत चांगली गोष्ट सफरचंदांची. रस्त्यावर एक फळवाला, राजपाल यादव, सफरचंद अगदी मातीमोल भावानं विकतो. शिल्पा शेट्टीनं रंगवलेली गृहिणी आनंदून जाते. पुढं ती फळं खाणारी माणसंच सफरचंदं होऊन बसतात. शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट वेगळ्याच कानानं ऐकली जाते. माल इतका स्वस्त मिळतो तेव्हा कुणाच्या तरी मुळावर आलेलं असतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. या गोष्टीत ना वाडा, ना पांढरं लुगडं. एक हातगाडी आणि माणसाचा हव्यास, एवढ्यावर भागलं.

दोष मात्र याच रचनेतून येतो. दिवाळीच्या फराळाच्या ताटासारखं हे असतं, चकली खुसखुशीत निघाली तरी शेजारचा लाडू दात पाडील. 'डरना मना है' मध्येही दोन-तीन गोष्टी सुरू होतात तोवर संपतात. माणसाची ओळखच झाली नाही, तर तो मेला काय आणि जगला काय, बघणाऱ्याचा जीव हलत नाही. पुढं 2006 साली 'डरना जरूरी है' आला, त्याला तर सात दिग्दर्शक. अमिताभ बच्चन प्राध्यापक आणि रितेश देशमुख विद्यार्थी, दोघंच एका घरात, ती गोष्ट लक्षात राहते. बाकीच्या किती आठवतात, ते ज्यांनी पाहिलाय त्यांनी स्वतःलाच विचारावं. ही खोड जुनीच. 1945 सालचा इंग्रजी 'डेड ऑफ नाइट' या प्रकारातला नावाजलेला सिनेमा, त्यातली बोलक्या बाहुल्याची गोष्ट अजून अंगावर येते. पण अमेरिकेत दाखवताना त्याच्याही पाचांतल्या दोन गोष्टी कापून टाकल्या होत्या.

गोष्ट कच्ची निघाली तर फार तर वीस मिनिटं वाया गेली, तेवढं सोसता येतं. खरी काळजी दुसरीच आहे. पैसा कमी, वेळ कमी, त्यामुळे भीती कुठून आणायची तर तयार साच्यातून. केस सोडलेली बाई. एकटी राहणारी म्हातारी. रानातला आदिवासी, काहीतरी पुटपुटणारा. आणि शेवटी मांत्रिक येऊन सगळं ठीक करतो. रामसे बंधूंनी 1972 मध्ये 'दो गज जमीन के नीचे' काढला तो महाबळेश्वरात, घरच्याच माणसांनी, एका भावाचा कॅमेरा, एकाचा आवाज, दोघांचं दिग्दर्शन. त्या मेहनतीला दाद दिलीच पाहिजे. पण त्यांच्या वाटेनं गेलेल्या शेकडो सिनेमांनी आणि टीव्हीवरच्या भागांनी तोच साचा घासून गुळगुळीत केला.

शहरातल्या माणसाला ही करमणूक. आपल्याकडे, पालघर-ठाण्याच्या पाड्यांवर, एखाद्या बाईला भुताळी ठरवलं तर तिचं घर उठतं, कधी जीवही जातो. म्हणून तर 2013 साली राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. कुणी करणी करतं असा आळ घेणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, याला त्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. सिनेमा पाहून कुणी उठून शेजारणीला मारत नाही, हे खरंच. पण गावात ताप आला, म्हैस आटली, की संशयाला चेहरा लागतो, आणि तो चेहरा पडद्यानं आधीच दाखवलेला असतो.

डोहाचंही तसंच. पाणी माणूस मागतं ही गोष्ट आजीनं सांगितली ती पोर काठाला जाऊ नये म्हणून, आणि ते काम तिनं केलं. पण उद्या कुणी त्यावर सिनेमा काढला आणि पाण्यात परकर तरंगता दाखवला, तर शेवाळलेला कातळ, डोंगरात पाऊस झाल्यावर अचानक वाढणारं पाणी आणि पिऊन उतरलेली पोरं, ही तिन्ही कारणं पडद्याआड जातील. त्याच पाण्यावर चांगली गोष्टही होईल. बंदीची पाटी उलटी करून गाड्या आत सोडणारा, दर माणशी पैसे घेणारा कुणी, आणि रात्री त्याच्या दारात येऊन सुटे पैसे मागणारी ओली पोरं. त्याला भारी कॅमेरा लागत नाही, मांत्रिक तर नाहीच.

घरी पाहायचाच असेल तर सगळा सिनेमा एका बैठकीत पाहू नका, तेवढी या प्रकारात सोय आहे. जेवणं आटोपली, गोठ्यात वैरण टाकून झाली, की एकच गोष्ट लावा. पोरांना जवळ बसवा आणि संपल्यावर बेतालाचा प्रश्न त्यांना विचारा. सुरुवात सफरचंदांपासून केलीत तरी चालेल, फक्त त्या दिवशी बाजारातून फळं आणलेली नसावीत.