जुना कर्करोग आणि कातडीवरची नवी गाठ

कर्करोगातून माणूस उठला, की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण त्याच माणसाला पुढे दुसरा, अगदी निराळा कर्करोग होऊ शकतो. मर्केल पेशींचा कातडीचा कर्करोग त्यातलाच. फार क्वचित होणारा. चेहरा, मान, हात अशा उन्हातल्या जागी लालसर-जांभळी गाठ येते. बहुधा दुखत नाही, पण झपाट्याने वाढते. रक्ताच्या काही कर्करोगांत अंगातली प्रतिकारशक्ती उणावते, म्हणून त्या रोग्यांत तो अधिक आढळतो.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातील परंडा व भूम तालुके आणि शेजारचा बार्शी तालुका यांतल्या कर्करोग्यांची नोंद बार्शीत १९८७ साली सुरू झाली. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. अशा नोंदणीत एकाच माणसाचे दोन निराळे कर्करोग दोन वेगळ्या नोंदी धरतात. दुसऱ्याचा उपचारही वेगळा असू शकतो.

गाठ जुन्या रोगाची की नव्या, हे नुसते पाहून कळत नाही. तुकडा काढून तपासावा लागतो. म्हणून गाठीवर बिब्बा घालू नका, डाग देऊ नका. जुने कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पहिला आजार आधी सांगा.