पिल्लाच्या तोंडातली फुलकोबी

रिसोडमध्ये वस्तीतल्या एखाद्या पिल्लाच्या ओठावर, हिरडीवर फुलकोबीसारखे पांढुरके गोळे दिसले, की लोक कॅन्सर समजून त्याला हाकलतात. आम्ही सांगतो, थांबा. 2 वर्षांच्या आतल्या कुत्र्यांत या बहुधा विषाणूच्या चामखिळी असतात. एका भांड्यात खाल्ल्याने, तोंड चाटल्याने त्या दुसऱ्या पिल्लाला होतात; माणसाला नाही. बहुतेक 1 ते 5 महिन्यांत आपोआप गळतात. चुना, अॅसिड लावू नका. पहिलं शील पिल्लालाही लागू आहे.

डॉक्टर बहुधा पाहूनच ओळखतात, शंका आली तर तुकडा तपासतात. खाता येत नसेल तर शस्त्रक्रिया. मोठ्या कुत्र्याची रक्ताळणारी गाठ मात्र वेगळी. ती संसर्गातून पसरणारी असेल, तर व्हिनक्रिस्टिनच्या इंजेक्शनांनी बहुधा बरी होते. गुरांच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. मोठी तपासणी लागली तर अकोल्याची पशुवैद्यक संस्था आहे.

एक मात्र सांभाळा. लाळ गळते, गिळता येत नाही, ही रेबीजचीही लक्षणं आहेत. त्याच्या तोंडात हात घालू नका, मुलांना दूर ठेवा. चावलं किंवा लाळ जखमेला लागली, तर साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या.