बाजारची मटकी भेळ

जुन्नर-आंबेगावकडचा माणूस पुण्या-मुंबईच्या वस्तीत कितीही वर्षं राहिला, तरी गावच्या बाजाराची भेळ तो विसरत नाही. नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव, बाजार कुठलाही असो. आईच्या पिशवीत आठवड्याचं मीठ-मिरची आणि परतीच्या वाटेवर पोरांच्या हातात कागदातली भेळ. चुरमुरे, फरसाण, कांदा, शेंगदाणे, मूठभर मोडाची मटकी आणि चावायला हिरवी मिरची. शहरातल्या चिंच-खजुराच्या गोड भेळेला आमच्याकडची जुनी माणसं भेळच मानत नाहीत. आम्हीही नाही.

आरोग्याच्या पानावर भेळ कशाला, असं कुणी म्हणेल. बाहेरचं खाऊ नका, एवढं सांगून मोकळं होता आलं असतं. पण सांगणाराही संध्याकाळी गाडीवर उभा असतोच. त्यापेक्षा त्या कागदात काय काय असतं ते नीट बघू.

त्यात सगळ्यात मोलाची मटकी. शंभर ग्रॅम कोरड्या मटकीत साधारण २३ ग्रॅम प्रथिनं असतात. तांदळाच्या चुरमुऱ्यात जे प्रथिनांचे घटक कमी पडतात ते मटकीत असतात, आणि मटकीत जे कमी ते तांदळात. म्हणून दोन्ही एकत्र खाल्लं की शरीराला जास्त उपयोग होतो. वरण-भातामागचं शहाणपण हेच. मोड आले की आणखी दोन गोष्टी घडतात. कडधान्यातला जो पदार्थ लोह अडवून धरतो तो कमी होतो, आणि कोरड्या दाण्यात जवळपास नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं. वर लिंबू पिळलं तर मटकीतलं लोह अंगी लागायला मदत होते. भेळेवर लगेच चहा प्यायला की तो फायदा बराचसा वाया जातो, तेव्हा चहा तासाभराने घ्यावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. भेळ खाऊन तो बरा होत नाही, त्याला लोहाच्या गोळ्याच लागतात. पण रोजच्या ताटात मोडाचं कडधान्य असलं की त्या गोळ्यांना साथ मिळते.

आता याच मटकीची दुसरी बाजू. मोड यायला ओल आणि ऊब लागते, आणि जुलाबाच्या जंतूंनाही नेमकं तेच लागतं. दाण्यावर किंवा भिजवण्याच्या पाण्यात थोडे जंतू असले, तर फडक्यात बांधलेल्या रात्रीत ते हजारपटीने वाढू शकतात. मटकी वरून ताजी दिसते, वासही येत नाही. २०११ साली जर्मनीत मोडाच्या मेथीतून अशीच साथ पसरली. साडेतीन हजारांहून जास्त माणसं आजारी पडली आणि पन्नासच्या आसपास दगावली. तिथे स्वच्छ पाण्याची वाण नव्हती. आपल्याकडे पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, टाकी उघडी असते, मग काय सांगावं!

उपाय अगदी सोपा आहे. मोडाची मटकी हळद-मीठ घालून पाच-सात मिनिटं चांगली वाफवायची. थोडं जीवनसत्त्व जातं, ते लिंबू भरून काढतं. काही गाडीवाले तशीच वाफवलेली मटकी घालतात. विचारून घ्या, आणि कच्ची असेल तर तेवढी वगळायला सांगा. गरोदर बाईने, लहान मुलांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी कच्ची मटकी खाऊच नये.

फरसाणाचं दुखणं वेगळं, ते लगेच कळत नाही. दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. फरसाण, खारे दाणे आणि वरचं मीठ धरलं तर त्यातला मोठा वाटा एका भेळेतच संपतो. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी चुरमुरे जास्त, फरसाण नावाला, असं सांगून घ्यावं. पुन्हा पुन्हा तापवून काळं पडलेलं तेल तर कुणाच्याच पोटात जायला नको.

राहिला कागद. वर्तमानपत्राची शाई तेला-लिंबाने सुटून खाण्यात उतरते. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला २०१८ च्या नियमांनी बंदी आहे, तरी सवय सुटत नाही. गाडीवाला बहुधा आपल्यातलाच कष्टकरी असतो, त्याच्याशी भांडू नये. घरून स्टीलचा डबा न्यावा. पूर्वी पळसाच्या पानांचे द्रोण होतेच की.

चार वर्षांखालच्या पोराला भेळेतले अख्खे शेंगदाणे देऊ नका. हसता-रडताना दाणा श्वासनलिकेत अडकतो आणि जीव जाऊ शकतो. कूट करून द्या.

आणि बाजारहून आल्यावर मुलाला जुलाब लागलेच, तर खाणं-पिणं बंद करू नका. अंगावर पीत असेल तर पाजत राहा. आशाताईंकडे ओआरएसची पुडी मोफत मिळते. एक लिटरची पुडी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण घालायची, अर्धी नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. घोट घोट देत राहायचं. सोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, मूल गळून गेलं, पाणी पोटात ठरेना किंवा शौचात रक्त दिसलं, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री सरकारी दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.