जोखमीची गर्भिणी : वैद्याने तज्ज्ञांकडे केव्हा पाठवावे?

गर्भिणीस आयुर्वेदाने 'दौहृदिनी' असे सार्थ नाव दिले आहे. एका देहात दोन हृदये, म्हणून चिकित्सेतही दोघांचा विचार हवा, हा त्यातील आशय. आधुनिक प्रसूतितंत्रात याच विचारावर एक स्वतंत्र शाखा उभी राहिली. १९६३ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे डॉ. विल्यम लायली यांनी आर-एच विषमतेमुळे रक्तक्षय झालेल्या गर्भास मातेच्या उदरात असतानाच रक्त दिले आणि गर्भ हाही स्वतंत्र रुग्ण ठरला. आज जोखमीच्या गर्भावस्थेचे तज्ज्ञ सोनोग्राफी व डॉप्लर यांच्या साहाय्याने माता व गर्भ दोघांचे हित तोलून प्रसूतीची वेळ ठरवितात.

ग्रामीण भागात अनेकदा गर्भिणी प्रथम वैद्याकडेच येते. या ज्ञानाचा लाभ तिला मिळणार की नाही, हे म्हणूनच पुष्कळदा आपल्या चिकित्सालयात ठरते. पाठविण्यास आठवा महिना उजाडला, तर तज्ज्ञांच्या हाती फारसे काही उरत नाही.

पूर्वाक्षेपक, म्हणजे प्री-एक्लॅम्प्सिया, याचे उदाहरण घ्यावे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'ॲस्प्री' चाचणीत अधिक जोखमीच्या गर्भिणींना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले असता, ३७ आठवड्यांपूर्वी प्रसूती करावी लागणाऱ्या पूर्वाक्षेपकाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. हा निर्णय तज्ज्ञांचा. परंतु तो घेण्याची वेळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच असते. मागील गर्भारपणात रक्तदाब वाढलेला असणे, जुळे, पूर्वीचा मधुमेह वा वृक्कविकार यांपैकी काहीही इतिहासात आढळल्यास गर्भिणीस त्याच सुमारास पाठवावे.

पुढील महिन्यांत पायांवर सूज दिसताच केवळ शोथ समजून पुनर्नवेची योजना करण्यापूर्वी रक्तदाब मोजणे अनिवार्य आहे. विसाव्या आठवड्यानंतर तो १४०/९० वा अधिक आढळल्यास तपासणीसाठी विलंब करू नये. तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, पोटाच्या वरच्या भागात वेदना, रक्तस्राव, गर्भाची हालचाल मंदावणे यांपैकी एकही लक्षण असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावयास सांगावे. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास केवळ लोहकल्पांवर विसंबून राहू नये. मासानुमासिक परिचर्येत वापरली जाणारी यष्टीमधु दीर्घकाळ वा अधिक मात्रेत दिल्यास रक्तदाब वाढवू शकते, हेही ध्यानी असावे. पाठविताना रक्तदाबाच्या नोंदी आणि दिलेल्या औषधांची यादी सोबत द्यावी.

यात आयुर्वेदाचा कमीपणा कोणी मानू नये. उपविष्टक व नागोदर या अवस्थांत गर्भाची वाढ खुंटते, हे चरकाचार्यांनी नोंदविले आहे. गर्भिणीची चिकित्सा काठोकाठ भरलेले तेलाचे पात्र न हिंदकळता नेण्यासारखी असावी, अशी त्यांची सूचना आहे. मूढगर्भाच्या शल्यकर्मापूर्वी अधिपतीची अनुज्ञा घेण्यास सुश्रुताचार्य सांगतात. इतक्या थोर शल्यविदांनाही या कर्माची दुष्करता मान्य होती. पथ्य, आहार व मनःस्वास्थ्य यांची धुरा वैद्याने अवश्य वाहावी. मात्र पात्र हिंदकळू लागताच दुसरा समर्थ हात वेळीच बोलावणे, हाही आपल्या शास्त्राचाच आदेश आहे.