अणुकेंद्रातला भुईमूग आपल्या उसात



सुरू उसात आंतरपीक म्हणून टीएजी-२४ भुईमूग घ्या, असे गटसभेत सांगत होतो. तेवढ्यात मागून एक म्हातारे सभासद उठले. "साहेब, ह्ये बी अणुबॉम्बवाल्यांचं म्हणत्यात. पाला खाऊन म्हशीचं दूध नासायचं न्हाई न्हवं?" सभा हसली. पण शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही, म्हणून हे टिपण.

हे वाण मुंबई उपनगरात, मानखुर्दच्या पुढे खाडीकाठी ट्रॉम्बे येथे असलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे. डॉ. होमी भाभांनी १९५४ साली ते सुरू केले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी देशातली पहिली अणुभट्टी 'अप्सरा' तिथेच चालू झाली. १९६६ मध्ये भाभा विमान अपघातात गेले, पुढच्या वर्षी केंद्राला त्यांचे नाव मिळाले. तिथल्या भट्ट्या संशोधनाच्या. वीज करणारे तारापूर वेगळे. बॉम्बशी संबंध आहे का? आहे. १९७४ आणि १९९८ च्या पोखरण चाचण्यांत इथले शास्त्रज्ञ होते, ते कशाला लपवायचे? पण त्याच कुंपणाआड पिकांचेही काम चालते. आपल्याकडचा टीएयू-१ उडीद त्यांनी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर काढलेला आहे.

काम असे चालते. बियांवर क्ष-किरण किंवा गॅमा किरण सोडतात, त्याने बियांच्या वंशगुणांत फेरबदल होतो. बहुतेक रोपे बिघडतात, खुरटतात. एखादेच कामाचे निघते. ते वेचायचे, पुन्हा लावायचे, पिढ्यान्‌पिढ्या पारखायचे. अशा निवडक वाणांच्या संकरातून टीएजी-२४ तयार झाला आणि १९९१ साली प्रसारित झाला. म्हणजे किरण लागले ते मूळ बियांना, आपल्या पोत्यातल्या दाण्याला नव्हे. शिवाय असे किरण लागल्याने बी किरणोत्सारी होतही नाही. छातीचा एक्स-रे काढून आलेला माणूस घरी येऊन किरण सोडत बसतो का?

भ्यायचेच असेल तर बियाण्याला चोळलेल्या बुरशीनाशकाला भ्या. पेरून उरलेले बी पोरांच्या हाती देऊ नका, जनावरांपुढे टाकू नका.

वाण बुटका, उपटा. उन्हाळ्यात पावणेचार महिन्यांच्या आसपास निघतो, त्यामुळे मोठ्या बांधणीआधी सरी मोकळी होते. मात्र उसाच्या लागणीबरोबरच वरंब्याच्या बगलेला टोका. मार्च उलटल्यावर टोकून बांधणी लांबवली, तर शेंगाही जातील आणि ऊसही मार खाईल. मग शेतकी खात्याला बोल लावू नये.

त्या म्हाताऱ्या सभासदांनी दहा गुंठ्यांपुरते बी नेले आहे. पाला मात्र आधी शेजाऱ्याच्या म्हशीला घालून बघणार म्हणतात.